चित्रकार मैत्रीण कशी सांभाळावी

प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतेच. शाळेत अख्ख्या वर्गाच्या जर्नलमधल्या बेडकाच्या आकृत्या हिनेच काढून दिलेल्या, पुढे खरंच जे.जे. आर्ट स्कूलला गेली आणि बाहेर पडल्यावर बँकेच्या परीक्षा वगैरे न देता चित्रंच काढत बसली. अशी मैत्रीण असणं चांगलंच, चारचौघांत सांगता येतं की आमची एक फ्रेंड आर्टिस्ट आहे म्हणून. भानगड एवढीच की ती काढलेली चित्रं कोणीतरी बघावीत अशी तिची अपेक्षा असते, आणि वर्षा-दोन वर्षांतून एखादं कोणी विकतही घ्यावं अशी. तर हे दोन्ही न करता तिचं भरभरून कौतुक कसं करायचं ते सांगतो, आपल्याकडे यात बऱ्याच जणांचा हात बसलेला आहे.

तिचं प्रदर्शन मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीला लागलं तर सुटका नाही, जावंच लागतं. तिथली तारीख मिळायला चित्रकार वर्षानुवर्षं थांबतात आणि मिळतो एक आठवडा, मंगळवार ते सोमवार. म्हणून आपण शेवटच्या सोमवारी संध्याकाळी साडेसहाला पोचायचं, आधी ट्रॅफिकवर बोलायचं, मग तिथलं समोवार कॅफे बंद झालं म्हणून हळहळायचं (2015 ला झालं, आपण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं तरी हळहळायचं), आणि मग सगळ्यात मोठ्या चित्राकडे पाठ करून तिच्यासोबत सेल्फी. चित्र मागे नीट आलं पाहिजे, म्हणजे आपण ते बघितलं याचा पुरावा राहतो. निघताना अभिप्रायाच्या वहीत 'अप्रतिम! अशीच प्रगती करत राहा' असं लिहायचं. बाई पन्नाशीची आहे, पंचवीस वर्षं हेच करतेय, पण प्रगतीला वय नसतं.

चित्र ॲबस्ट्रॅक्ट असेल तर जरा तयारी लागते. 'आमच्या चिकूने परवा सेम असंच काढलं' हे वाक्य सगळीकडे चालतं, पण आता सगळेच म्हणतात. त्यापेक्षा ॲबस्ट्रॅक्टवाले मोठे चित्रकार गायतोंडे, हे नाव पाठ करा. 1961 सालचं त्यांचं एक चित्र 2021 मध्ये लिलावात 39.98 कोटींना गेलं, तो आकडा टाकायचा आणि वर 'बघ की, तू पण असं काहीतरी कर' म्हणायचं. तो लिलाव झाला तेव्हा गायतोंड्यांना जाऊन 20 वर्षं होत आली होती, आणि ते वर्षाला जेमतेम पाच-सहा चित्रं करायचे, हे तिने सांगायला घेतलं तर लगेच विचारायचं, 'हो का? मग तुला एक काढायला किती वेळ लागतो गं?' हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ती प्रामाणिक असेल तर म्हणेल, हे दोन महिने चाललं, ते मात्र चार तासांत झालं. चार तासांचं तेवढं लक्षात ठेवायचं आणि किमतीला चार तासांनी भागायचं. नाहीतर सरळ स्क्वेअर फुटावर या, 'अगं एवढ्यात आमच्या बदलापूरला फ्लॅटची बाल्कनी येईल.' कॅडमियम रेड आणि कोबाल्ट ब्लूच्या आर्टिस्ट क्वालिटी ट्यूबा कितीला मिळतात ते ती सांगू लागली तर ऐकून घ्या, आणि 'मग साधे वापर ना' असा उपाय सुचवा.

किमतीवरून आठवलं, फुकटची कामं कधीच थांबवू नका, त्यानेच तर मैत्री टिकते. गणपतीचं मखर, सोसायटीच्या गेटवर वारली ('त्रिकोणंच तर काढायचेत'), भाचीच्या लग्नाची पत्रिका, मेव्हण्याच्या मिसळीच्या दुकानाचा लोगो. शिवाय मुलाची इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा, कारण ए ग्रेड आली की दहावीला 7 मार्क वाढतात, आणि चित्रकलेचा एवढा स्पष्ट फायदा दुसरीकडे कुठे दिसत नाही. 'तुझ्यासाठी काय, पाच मिनिटांचं काम' एवढं म्हणायला विसरू नका. पाच मिनिटांचं काम तिला तीन रात्री पुरतं, पण ते तिचं बघू दे.

आता खरा घोळ. तुमच्या वास्तुशांतीला ती चांदीचं नाणं किंवा मिक्सर न आणता ब्राऊन पेपरात गुंडाळलेलं स्वतःचं चित्र घेऊन येते. ओरिजिनल! प्रिंट असती तर बाथरूमबाहेर लावून विषय संपला असता. हॉलची मुख्य भिंत देता येत नाही, तिथे सात धावते घोडे येणार आहेत, वास्तूवाल्यांनी सांगितलंय. दुसऱ्या भिंतीवर टीव्ही. तिसऱ्या भिंतीला नुकताच महागातला रंग दिलाय, तिला खिळा मारायचा म्हटलं तर घरात दोन दिवस अबोला. राहिली चौथी, तिच्यावर खिळा आहे पण त्यावर कालनिर्णय आहे, आणि कालनिर्णय हलवलं तर दूधवाल्याचे खाडे कुठे लिहायचे?

काहींना वाटतं, फेकण्यापेक्षा नीट फ्रेम तरी करून घेऊ. जरूर घ्या, पण देवादिकांचे फोटो करणाऱ्या कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडेच. तो जलरंगाचा कागद मागून सेलोटेपने चिकटवतो, मधे पुठ्ठ्याची चौकट (माउंट) न घालता काच थेट कागदावर टेकवतो, म्हणजे पहिल्याच पावसाळ्यात आत दमट होऊन कागदाला बुरशीचे ठिपके येतात, आणि तयार फ्रेमच्या मापात बसत नाही म्हणून एका कडेने दीड इंच कापतो. सही त्या दीड इंचातच असते. जलरंग असेल तर पश्चिमेच्या खिडकीसमोर लावा, उन्हाने दोन-तीन उन्हाळ्यांत गुलाबी उडून जाईल आणि मग चित्र सोफ्याच्या कव्हरला मॅच होईल. तैलचित्र असेल तर स्वयंपाकघराच्या दाराशी, फोडणीचा थर बसू द्यावा आणि दिवाळीच्या सफाईत ओल्या फडक्याने खसाखसा पुसावा.

यावर एखादा शहाणा कायदा काढेल. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं भित्तिशिल्प 1979 मध्ये सरकारने उतरवून गोदामात टाकलं होतं, ते भांडले आणि 2005 साली हायकोर्टाने सरकारला त्यांना शिल्पाचे अवशेष परत आणि वर 5 लाख भरपाई द्यायला लावली. म्हणजे वस्तू तुमच्या मालकीची झाली तरी तिची वाट लावायची पूर्ण मोकळीक तुम्हाला नाही, असा त्याचा साधारण अर्थ. पण तुम्ही घाबरू नका, मैत्रिणी कोर्टात जात नाहीत. त्या घरी येतात, भिंतीकडे बघतात, चहा छान झालाय म्हणतात आणि जातात.

एक मात्र अगदी कळकळीने सांगतो, चित्र चहा प्यायच्या खुर्चीसमोर चुकूनही लावू नका. आमच्या ओळखीत एका निवृत्त गृहस्थांनी लावलं, तेही दुसरा खिळा नव्हता म्हणून. सगळं राखाडी चित्र, ते त्याला 'सिमेंट' म्हणायचे. जुलैत ढगाळ उजेडात एका सकाळी त्यांना राखाडीच्या खाली पिवळट काहीतरी दिसलं. मग कळलं की राखाडी एक नाहीच, पातळ पातळ थर आहेत आणि खाली सगळीकडे गेरू आणि पिवळा आहे, जो तिरप्या उन्हात वर येतो आणि ट्यूबलाइटखाली नाहीसा होतो. संपला माणूस. सकाळचा पेपर राहू लागला. पाहुण्यांना ते आता खुर्ची बदलून बसवतात, 'इथून नाही, इथून बघा', आणि पाहुण्यांना तर फक्त पत्रिका द्यायची असते. बायकोने ट्यूब बदलून पिवळा बल्ब लावायला परवानगी दिली, म्हणजे लागण तिलाही झालीये. शेवटी त्यांनी ते चित्र काढणाऱ्या मुलीकडूनच दुसरं चित्र घेतलं, विकत, हप्त्याने, एक रुपया कमी कर न म्हणता. सात घोडे कुठे गेले कोणी विचारत नाही.

तुम्ही त्या वाटेला न जाता चित्र बबलरॅपमध्ये माळ्यावर टाका आणि तिचं नाव व्हायची वाट बघा. नाव झालं की विकायला काढा. कॉपीराइट कायद्यात 53अ नावाचं एक कलम आहे, ओरिजिनल चित्र 10 हजारांच्या वर पुन्हा विकलं गेलं तर त्यात चित्रकाराचाही वाटा असतो, जास्तीत जास्त 10 टक्के. तो विषय आपण काढायचा नाही. अडचण येते ती लिलाववाल्यांची, चित्र तिचंच आहे याचा कागद मागतात मेले, आणि सही तर फ्रेमवाल्याकडे गेलेली. अशा वेळी लाजायचं नाही, सरळ फोन लावायचा, 'अगं किती दिवसांत भेट नाही, जेवायलाच ये ना रविवारी,' आणि ठेवता ठेवता सांगायचं, येताना एक बारीक ब्रश आण.