सरकी घरची का राहिली नाही?

"तू बीटीच्या बाजूचा की विरोधातला?" असं मला गावातही विचारतात आणि पुण्यातही. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा. बीटी म्हणजे कापसाच्या झाडातच बोंडअळीला मारणारं विष तयार करणारं जनुक. माझं भांडण त्या जनुकाशी नाही, ते बियाण्याच्या ज्या पाकिटात आलं त्या पाकिटाशी आहे.

आजी सरकी, म्हणजे कापसाचं बी, शेणमातीत चोळून सावलीत वाळवायची. मृग लागला की तीच पेरायची. संकरित वाण आले तसं हे मागे पडत गेलं, आणि मार्च 2002 मध्ये परवानगी मिळालेलं बीटीही संकरित वाणांतच आलं. संकरित वाणाची घरची सरकी पेरली तर पीक पहिल्यासारखं येत नाही. मग दरवर्षी नवीन पाकीट, एकरी दोन, बहुतेकदा उधारीवर.

पहिली वर्षं चांगली गेली, हे मान्य केलंच पाहिजे. हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या घटल्या. आमच्या घरावर स्लॅब टाकला तो त्याच कापसाच्या पैशावर.

पण संकरित पऱ्हाटी (कापसाचं झाड) सहा-सहा महिने शेतात उभी राहते, वर फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक राखून आणखी कापूस घ्यायचा, मोह असतोच. गुलाबी बोंडअळी येते तीच उशिरा. शिवाय संकरित झाडाच्या एकाच बोंडात काही सरकीत बीटीचं विष असतं, काहीत नसतं. अळीला ते पचवायला शिकण्याची याहून चांगली शाळा कुठली? 2017 मध्ये तिनं विदर्भ-मराठवाड्यातलं पीक पोखरलं. त्याच हंगामात माझ्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले. फवारणी कमी करायला आलेलं बियाणं होतं हे! त्या पावसाळ्यात पाठीवर पंप घेऊन निघालेल्या काकांना काकूनं दारातूनच परत बोलावलं होतं. मी ते विसरलेलो नाही.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया, चीनमध्ये बीटी कापूस मुख्यतः सरळ, म्हणजे संकर न केलेल्या, वाणांत आहे. सरळ वाणाची सरकी घरी ठेवता येते. कमी दिवसांचं वाण दाट पेरलं की डिसेंबरपर्यंत वेचणी आटोपते, अळी जोर धरायच्या आत रान मोकळं होतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं असे बीटी सरळ वाण तयारही केले आहेत.

गेल्या जूनमध्ये तालुक्याच्या एका कृषी केंद्रात मी तेच मागितलं. दुकानदार म्हणाला, "भाऊ, एकदा नेलं की पुढच्या साली तुम्ही येतच नाही. आम्ही कायले ठेवावं?"

बाबांनी त्याही वर्षी दोन पाकिटं घेतली.