नेपोलियनचं सैन्य बटणांमुळे हरलं नाही

आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी ‘युनिफॉर्मची तीन रहस्यं’ अशी एक पोस्ट टाकली. पहिलं, १८१२ ला रशियात नेपोलियनच्या सैनिकांची कथलाची बटणं थंडीनं भुगा झाली, कोट-पँट धरण्यात हात अडकले आणि सैन्य हरलं. दुसरं, बाहीवर बटणं नेपोलियननं लावली, सैनिकांनी बाहीला नाक पुसू नये म्हणून. तिसरं, इंग्रजांचे कोट लाल कारण रक्त दिसू नये. ही पोस्ट फिरताना मी आधीही बघितली होती आणि सोडून दिली होती. आता नाही सोडणार, कारण माझा भाचा नेपोलियनच्या फौजेचे २८ मिमी उंचीचे छोटे पुतळे रंगवतोय आणि हे वाचून त्यानं अख्ख्या बटालियनची बटणं चंदेरी केली. ‘कथील चंदेरीच असतं ना मामा’, बरोबरच आहे त्याचं, चूक पोस्टची आहे.

फ्रेंच लाइन इन्फंट्री, म्हणजे निळा कोट आणि पांढरे लॅपल (छातीवर उलटे दुमडलेले कोटाचे भाग) असलेलं नेहमीचं पायदळ, त्यांची बटणं पितळी होती आणि त्यावर रेजिमेंटचा नंबर असायचा. पांढऱ्या धातूची बटणं लाइट इन्फंट्रीची, त्यांचे लॅपलपण निळेच. म्हणजे रशियात गेलेल्या बहुतेक फ्रेंच पायदळाच्या कोटावर कथील नव्हतंच, मग भुगा कशाचा झाला?

आता अर्धं खरं काय ते सांगतो, नाहीतर कोणीतरी लिंक आणून टाकेल. कथलाचा थंडीत भुगा होतो हे खरं आहे. १३ अंशांच्या खाली त्याचं रूप बदलू शकतं, करडी पावडर होते. १८५१ ला जर्मनीत झाइट्सच्या चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांवर हे दिसलं, आणि सेंट पीटर्सबर्गला १८६७-६८ च्या हिवाळ्यात कथलाचे ठोकळेच्या ठोकळे फुटले. पण हे व्हायला कथील बऱ्यापैकी शुद्ध लागतं आणि वेळही भरपूर लागतो. थोडं शिसं, अँटिमनी किंवा बिस्मथ मिसळलेलं असलं की प्रक्रिया जवळजवळ थांबते. काही आठवड्यांच्या माघारीत अंगावरची बटणं गळून पडणं यात बसत नाही.

आणि थंडी आली कधी ते तरी बघा. शार्ल मिनारचा १८६९ चा प्रसिद्ध नकाशा आहे, सैन्य किती उरलं ते जाड-बारीक पट्ट्यानं दाखवलंय आणि खाली तापमान. रशियाच्या सीमेवरची नेमान नदी ओलांडताना ४ लाख २२ हजार, सप्टेंबरात मॉस्कोला पोचले १ लाख. काही तुकड्या वाटेत बाजूला पाठवल्या होत्या हे मान्य, तरी बर्फ पडायच्या आधीच हे सैन्य उपासमार, उन्हाळा, आजार, लढाया आणि पळून जाणं यात संपत आलं होतं. उणे ३० ची नोंद ६ डिसेंबरची, तीही रेओमूर या जुन्या मापात, म्हणजे सेल्सियसमध्ये उणे साडेसदतीस, आणि तोवर मुख्य फौजेत दहा-बारा हजारच माणसं उरली होती.

मेली कशानं याचाही पुरावा आहे. २००१ ला लिथुआनियात विल्नियसला खोदकामात याच सैन्याची सामूहिक कबर सापडली, तीन हजारांवर माणसं, आणि त्यांच्यासोबत त्यांची बटणंही, नंबर वाचून रेजिमेंट ओळखता आल्या! ३५ जणांचे दात तपासले तर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात उवांमुळे पसरणाऱ्या तापांचे जंतू मिळाले, ट्रेंच फीवर आणि टायफस. २०२५ च्या तपासणीत वेगळ्या दातांत पॅराटायफॉइड आणि उलटून येणारा ताप सापडला. उवा, ताप आणि भूक यांनी तडफडून मेलेल्या माणसांची गोष्ट बटणांचा किस्सा करून सांगायची, याचा मला खरंच राग येतो.

बाहीचं थोडक्यात. हाच किस्सा प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट आणि इंग्रज आरमाराचा सेनानी नेल्सन यांच्या नावावरही फिरतो, एवढ्यावरून काय ते समजा. दुमडलेले कफ बटणानं अडकवायची पद्धत नेपोलियन जन्मायच्या आधीपासूनची आहे.

लाल कोट. १६४५ ला इंग्लंडच्या पार्लमेंटच्या नव्या फौजेला, न्यू मॉडेल आर्मीला, लाल कोट दिले, कारण मंजिष्ठाच्या जातीच्या मुळांपासून निघणारा लाल रंग स्वस्त होता. रक्त लपवायचं असतं तर त्यावर छातीवरून पांढरे पट्टे कशाला घातले असते? ऑस्ट्रियाचं पायदळ तर पांढऱ्या कोटात लढायचं, आणि इंग्रजांचाच तोफखाना निळ्या. हां, १८०६ ला निळीची टंचाई झाली म्हणून काही फ्रेंच रेजिमेंटना पांढरे कोट दिले आणि ते लवकरच बंद केले, त्यात आयलाऊच्या लढाईत रक्त फार दिसलं हे कारण सांगतात, एवढं मी सोडतो. पण त्यावरून इंग्रजांचा लाल रंग रक्त लपवायला होता हे सिद्ध होत नाही.

इंग्रज रंगवताना बघायचं असतं ते फेसिंग, म्हणजे कॉलर आणि कफचा रंग, तो रेजिमेंटनुसार बदलतो. आपल्या जालन्यातल्या १८०३ च्या असईच्या लढाईचा सेट केलात तर ७४ व्या हायलँडर्सना (स्कॉटिश पलटण) पांढरं फेसिंग, ७८ व्यांना बफ, म्हणजे फिकट पिवळट, आणि दोघांनाही किल्ट, म्हणजे स्कॉटिश घागरा, नको, इथल्या हवेत ते पँटवरच लढले.