खोकल्याचे अठरा दिवस

कल्याण ते दादर नीट, म्हणजे दोन्ही मांड्या टेकवून, बसायला मिळालं असे माझ्या नोकरीतले अडीच आठवडेच. एरवी मी चौथ्या सीटचा माणूस, अर्धा बाकावर आणि अर्धा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात. पण त्या सोमवारी डोंबिवलीच्या आसपास मला जी ढास लागली, म्हणजे आधी छातीत घुरघुर मग उबळ मग डोळ्यात पाणी आणि शेवटी फुटक्या पिपाणीसारखा आवाज, तेव्हा बाजूचे तिघं असे काही सरकले की मला वाटलं बाकच लांब झाला. खिडकीवाल्या काकांनी तर तोंड खिडकीच्या गजांना लावलं ते ठाण्यालाच काढलं. कोरोना जाऊन एवढी वर्षं झाली पण लोकांच्या अंगातून गेला नाहीये अजून.

सुरुवात साध्या सर्दीने झाली होती. तीन-चार दिवसात नाक सुधारलं, मी खूष, आणि मग ते प्रकरण खाली छातीत उतरलं. घरात काढा सुरू झाला (सुंठ, तुळस, गवती चहा, लवंग, आणि बायकोला त्या दिवशी डब्यात जे सापडेल ते). साताऱ्याच्या आत्याचा फोन आला, "अडुळसा घे रे, त्या गोळ्यांच्या नादी लागू नकोस." तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी ओव्याची पुरचुंडी पाठवली, तव्यावर गरम करून छाती शेकायला. ऑफिसातला एक जण म्हणाला ज्येष्ठमधाची काडी गालात धरा. धरली. मीटिंगमधे साहेबांना वाटलं मी तंबाखू सुरू केली.

आठव्या दिवशी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी नाडी पाहिली, ताप पाहिला, बोटाला तो चिमटा लावला, मिनिटाला श्वास किती ते घड्याळ बघून मोजले आणि पाठीला नळी लावून म्हणाल्या मोठा श्वास घ्या. आता मोठा श्वास घेतला की मला खोकला, खोकला थांबला की त्या म्हणणार घ्या मोठा श्वास, असा तो कार्यक्रम बराच वेळ चालला. मग म्हणाल्या, "अक्यूट ब्रॉन्कायटिस आहे, न्यूमोनिया वाटत नाही." खरं सांगतो, नाव ऐकून मला जरा बरंच वाटलं. 'खोकला झाला' म्हणून कोण रजा देतो? या नावाने आठवडाभर सहज मिळाली असती.

"व्हायरस आहे," त्या म्हणाल्या, "बहुतेकदा व्हायरसच असतो. श्वासनळ्यांचं आतलं अस्तर सुजतं, कफ वाढतो. व्हायरस आठवड्यात जातो पण सोलवटलेलं अस्तर भरून यायला वेळ लागतो, तोपर्यंत गार हवा लागली, हसलात, जोरात बोललात तरी खोकला येणार. साधारण अठरा दिवस धरा."

अठरा! मी मनात आठवडा धरला होता. कुरुक्षेत्रावरचं अख्खं युद्ध अठरा दिवसात उरकलं होतं हो, आणि तिकडे अठरा अक्षौहिणी सैन्य होतं, इकडे मी एकटा आणि एक उटणं लावल्यासारखा हिरवट बेडका.

तर त्या बेडक्याचा मी पुरावा नेला होता. मोबाईलवर फोटो. म्हटलं, "बघा डॉक्टर, हिरवा आहे, म्हणजे इन्फेक्शन आत गेलंय, अँटिबायोटिक लागेल." त्यांनी फोटो एखाद्या शिक्षिकेने नापास मुलाची वही बघावी तसा पाहिला. म्हणाल्या, पांढऱ्या पेशी लढायला येतात, त्यांच्यातच एक हिरवट रंगाचं एन्झाइम असतं, तो रंग आपल्याच सैन्याचा, त्यावरून जंतू कुठला ते कळत नाही. आणि अँटिबायोटिकने अशा खोकल्याचा फार तर अर्धा दिवस वाचतो. अर्धा दिवस! एका हाफ डेसाठी पाच दिवस पोट बिघडवून घ्यायचं. गरम पाणी प्या, चमचाभर मध घ्या, ताप आला तर पॅरासिटामॉल, आणि कफात रक्त दिसलं, दम लागला, ताप चढत गेला तर वाट न बघता या, एवढं सांगून त्यांनी फी घेतली. कागदावर एकही भारी गोळी नाही. फसवल्यासारखं वाटलं मला.

घरी येऊन मी औषधांचा स्टीलचा डबा उपसला. गेल्या वर्षी दाढ दुखली तेव्हाची स्ट्रिप निघाली, कडेला उभी लाल रेघ, आत दोन गोळ्या उरलेल्या. "ती लाल रेघ कशासाठी असते माहितीये का?" बायको दारातून म्हणाली. "डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नये म्हणून. आणि गेल्या वर्षी तुम्ही कोर्स पूर्ण केला नव्हतात हे पण आज कळलं." स्ट्रिप गेलीच, वर दोन दिवस ऐकून घ्यावं लागलं.

दहाव्या दिवशी भीष्म पडले तसा मीही पडलो, तीन उशांवर, कारण आडवं झालं की उबळ दुप्पट. बायको हॉलमधे झोपायला गेली. पुढे दोन रात्रींनी बरगड्यात अशी उसण भरली की मला हार्टचं काहीतरी वाटायला लागलं, पण ते खोकून खोकून दुखावलेले स्नायू होते. खूष होता फक्त आमचा वॉचमन. म्हणाला, "साहेब, तुम्ही दर पंधरा मिनिटाला खोकता, मला शिट्टी मारावी लागत नाही."

आणि मग आला पंधरावा दिवस. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की आपल्याकडे टीबी नाही ना ते बघून घेतात, म्हणून डॉक्टरबाईंनी एक्स-रे आणि थुंकीची तपासणी सांगितली. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते. तिथल्या माणसाने मला झाकणाची प्लास्टिकची डबी दिली, म्हणाला मागे मोकळ्या हवेत जाऊन कफ काढून आणा, एक आत्ता आणि एक उद्या सकाळी उठल्या उठल्याचा.

मी मागे गेलो, कडुनिंबाखाली उभा राहिलो, आणि काही येईना. पंधरा दिवस लग्नात, लिफ्टमधे, लोकलमधे, साहेबांच्या भाषणात न बोलावता येणारा खोकला, आज सरकारी डबी हातात असताना गप्प! खाकरलो, वाकलो, छातीवर बुक्क्या मारल्या. दहा मिनिटांनी जे जमलं ते घेऊन गेलो. त्याने डबी उजेडात धरली. "काका, ही लाळ आहे. कफ पाहिजे." परत कडुनिंब. तिथे आणखी एक आजोबा डबी घेऊन उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघून सहानुभूतीने एक असा खणखणीत खोकला काढला की ऐकूनच मला उबळ आली. डबी भरली. मी त्यांना नमस्कारच केला.

रिपोर्ट निगेटिव्ह, एक्स-रे साफ. सतराव्या दिवशी खोकला निम्मा झाला, अठराव्याला रात्रभर झोपलो. आता श्रेय कोणाचं यावरून जे सुरू झालं ते अजून चालू आहे. आत्या म्हणते अडुळसा, बायको म्हणते काढा, तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तर सोसायटीच्या हळदीकुंकवात 'आमच्या ओव्याने' असं जाहीर करून टाकलं, आणि त्याच हळदीकुंकवात बायको पुतण्याच्या मुंजीचे फोटो दाखवत असताना बोट एक फोटो पुढे सरकलं. तो हिरवा. तो माझ्या मोबाईलवरून फॅमिली अल्बममधे कसा गेला मला माहीत नाही.

विसाव्या दिवशी लोकलमधे परत चौथी सीट. खिडकीवाले काका आरामात पसरलेले. मुंब्रा गेलं तरी कोणी इंचभर सरकेना तेव्हा मी रुमाल तोंडावर धरून जमेल तेवढा खोल, पूर्वीच्या दर्जाचा खोकला काढला. काकांनी वळून नीट बघितलं. जागचे हलले नाहीत. बॅगेतून एक डबी काढली, पुढे केली.

"खडीसाखर आणि मिरी. घ्या. तुमचा तो जुना खोकला माझ्या या गोळीनेच गेला होता, आठवतंय ना?"