बिल पाठवलंत ना? मग झालं तर!

नोकरी सोडून स्वतःची सॉफ्टवेअर कंपनी काढताय म्हणे. वा! आधी कार्ड छापून घ्या, 'फाउंडर अँड सीईओ'. कंपनीत एकटे तुम्हीच आहात आणि ऑफिस म्हणजे वन बीएचकेची बाल्कनी, हे कार्डावर कुठे दिसतंय?

नावात 'एआय' हवंच, सॉफ्टवेअर नुसती बेरीज करणारं असलं तरी.

लेखी करार मागू नका. 'आपल्यातलेच आहेत', त्यांना वाईट वाटेल. ॲडव्हान्स तर मुळीच नको. 'एक छोटासा बदल' तेवढा फुकट करून देत जा. असे सतरा होतात, मोजायचे नाहीत.

आणि वसुलीची घाई करू नका. हे जरा सविस्तर सांगतो, जखम ताजी आहे. भोसरीतल्या एका कारखान्याला गोदामातल्या मालाची नोंद ठेवणारं ॲप करून दिलं. काम 2 लाखांचं, वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 36 हजार. मार्चमध्ये बिल दिलं. 10 एप्रिलला त्यांच्या अकाउंटंटचा फोन! मी हरखलो. तर म्हणे, "सर, बिल रिटर्नमध्ये टाकलंत ना? टू-बीत दिसलं नाही तर आमचं क्रेडिट अडकतं." टू-बी म्हणजे त्यांना आलेल्या बिलांची जीएसटीची यादी; त्यात बिल दिसलं की त्यावरचा कर त्यांच्या स्वतःच्या करातून वजा, तेच क्रेडिट. टाकलं. 20 तारखेला 36 हजार भरलेसुद्धा, बायकोच्या एफडीतून, कारण सरकार बिलाची तारीख बघतं, माझ्या खात्यात पैसे आले का ते बघत नाही. त्यांनी त्याचं क्रेडिट घेतलं. 180 दिवसांत मला पैसे दिले नाहीत तर त्यांना ते व्याजासकट सरकारला परत करावं लागतं. म्हणजे 179व्या दिवसापर्यंत सगळं निवांत. ऑगस्ट संपत आलाय. साहेब बाहेरगावी आहेत. मग सही राहिलीय. मग चेक तयार आहे, पण साहेब बाहेरगावी आहेत.

कायदा आहे हो! 2006चा. लघुउद्योगाचे पैसे करार नसेल तर 15 दिवसांत, असेल तरी फार तर 45 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. शिवाय आता मुदतीत पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्यांना प्रत्यक्ष पैसे देतील त्या वर्षीच प्राप्तिकरात धरता येतो. मी हे अगदी नम्रपणे सांगितलं. उत्तर आलं, "अच्छा, तुमचं लघुउद्योगाचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे होय? मग पुढच्या वेळी नसलेला व्हेंडर बघू." सरकारच्या पोर्टलवर तक्रार करा म्हणतात. करतो की. मग त्या एमआयडीसीत मला दुसरं काम कोण देणार, तुम्ही?

अहो कारखानदार साहेब, वीजबिल बरं वेळेवर भरता! दोन महिने थकवलं तर लाइनमन येऊन वायर काढून नेतो म्हणून ना? आमच्याकडे शिडी नाही, म्हणून आमचं बिल ड्रॉवरमध्ये. दोन लाख तुम्हाला जड नाहीत. नवी शेड उभी राहतेय, मी माझ्या डोळ्यांनी बघितली. माझ्याच पैशांवर पाच महिने बिनव्याजी धंदा करताय आणि फोन केला की मलाच ऐकवता, "एवढी काय घाई?" लाज वाटू द्या जरा!

ॲपचा सर्व्हर मी आत्ता बंद करू शकतो. पासवर्ड माझ्याकडेच आहे. करत नाही, कारण रोज रात्री तुमचा गोदामातला पोरगा त्यात मालाची नोंद चढवतो आणि हिशोब चुकला तर शिव्या त्याला बसतात. हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तर फोन उचलत नाही.