घाटाच्या राजाची पत

बँकेत तेवीस वर्षे कर्जे मंजूर करण्यात गेल्यामुळे, समोरचा माणूस हप्ते फेडणार की बुडवणार हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळते, असा एक गैरसमज आमच्या सायकलच्या ग्रूपमध्ये रुजलेला आहे. तो मीच रुजवलेला असल्यामुळे आता मला उपटताही येत नाही. परिणाम असा, की दर जानेवारीत शिरवळपासून पाचगणीपर्यंत आमची जी घरगुती शर्यत होते, तिच्या आठवडाभर आधी दावेदारांची यादी तयार करून रविवारच्या मिसळीच्या वेळी ती वाचून दाखवण्याचे काम माझ्या गळ्यात पडले आहे. यादीत ज्यांचे नाव असते ते म्हणतात, उगाच नजर लावलीत. ज्यांचे नसते ते मिसळीचे पैसे देताना माझी प्लेट मोजायची विसरतात.

शर्यत जेमतेम 50 किलोमीटरची, पण त्यात दोन घाट आहेत. शिरवळहून निघून खंबाटकी चढायची, उतरून सुरूर फाट्याला उजवीकडे वळायचे, वडाच्या जुन्या झाडांमधून वाईला पोहोचायचे आणि तिथून पसरणीचा घाट चढून दांडेघर नाक्याच्या अलीकडे थांबायचे. वाई समुद्रसपाटीपासून 700 मीटरांहून थोडी वर आहे, पाचगणी 1300 च्या आसपास. मधले अंतर सुमारे 12 किलोमीटर. म्हणजे चढ सरासरी शेकडा पाचच्या आतबाहेर. हा आकडा कागदावर अगदी सोज्वळ दिसतो. व्याजदरही कागदावर सोज्वळच दिसतात.

मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटात अव्वल ठरणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. टूर द फ्रान्समध्ये चढांचा स्वतंत्र हिशेब 1933 पासून ठेवला जातो आणि त्यातल्या राजाचा पांढऱ्यावर लाल ठिपक्यांचा सदरा 1975 मध्ये आला. आमच्या राजाला शाल, श्रीफळ आणि एक किलो स्ट्रॉबेरी मिळते; त्यातली निम्मी स्ट्रॉबेरी परतीच्या गाडीतच संपते. तरीही या एका किलोसाठी तेवीस सुशिक्षित, संसारी आणि बहुतांशी आयकर भरणारी माणसे तीन महिने एकमेकांशी खोटे बोलतात.

हे खोटे बोलणे हाच माझ्या कामातला खरा अडथळा आहे. परीक्षेच्या दिवशी सकाळी वर्गाबाहेर उभे राहून “काहीच वाचलं नाही रे” म्हणणारी आणि निकालाच्या दिवशी पहिली येणारी मुले पुढे मोठेपणी काय करतात, याचे उत्तर मला या ग्रूपमध्ये मिळाले. ती सायकल चालवतात. नोव्हेंबर उजाडला की एकाचा गुडघा दुखू लागतो, दुसऱ्याला दर आठवड्याला कुणाच्या तरी लग्नाला जावे लागते, तिसऱ्याची मुलगी दहावीला असते. (ती मुलगी गेली तीन वर्षे दहावीला आहे.) सराव पहाटे चारला, अंधारात, एकट्याने उरकला जातो आणि त्याची नोंद कुठल्याही अ‍ॅपवर दिसणार नाही याची काळजी घेतली जाते. कर्ज मागायला येणारा माणूस आपली ऐपत फुगवून सांगतो, एवढेच मला नोकरीने शिकवले होते. ऐपत लपवणारे अर्जदार मी निवृत्तीनंतर प्रथमच पाहिले.

सुरुवातीची दोन वर्षे मी शास्त्राचा आधार घेतला. चढावर वारा कापण्यापेक्षा स्वतःचे वजन वर ओढण्यातच बहुतेक शक्ती खर्च होते, त्यामुळे माणूस किती वॅट काढतो यापेक्षा शरीराच्या दर किलोमागे किती काढतो, हे महत्त्वाचे ठरते. पसरणी 40 मिनिटांत चढायची तर किलोमागे साडेतीन वॅटच्या जवळपास लागतात, आणि एक किलो वजन कमी झाले की वेळ पंचवीस-तीस सेकंदांनी घटतो. आमच्या दंतवैद्यांनी 300 ग्रॅम वाचवण्यासाठी कार्बनची चाके घेतली, तेव्हा मी त्यांना हिशेब करून दिला, की डॉक्टर, तुम्ही आठ सेकंद विकत घेतले आहेत आणि एका सेकंदाला एका दाढेचे रूट कॅनल पडले आहे. त्यावर त्यांनी माझ्या पोटाकडे पाहून तिथे किती मिनिटे साठलेली आहेत हे विचारले. शास्त्राचा नाद मी तेव्हाच सोडला.

यंदा मात्र माझ्या हाती एक अस्सल पुरावा लागला. आमच्या सगळ्यांच्या सायकली ज्यांच्याकडे सर्व्हिसिंगला जातात, त्या मेकॅनिक मामांच्या दुकानात मी एका संध्याकाळी चहा घेत बसलो होतो. मामांनी खिळ्यावर अडकवलेली पोलादाची एक चपटी पट्टी काढली आणि स्टँडवर टांगलेल्या सायकलच्या चेनमध्ये तिचे टोक घातले. ते टोक खट्‌कन आत बसले. “पॉइंट सेव्हन फाइव्हच्या पुढं गेली,” मामा म्हणाले, “तीन महिन्यांपूर्वीच नवी टाकली होती.” चेन झिजली की तिच्या कड्यांमधले अंतर वाढते, ते शेकडा पाऊण वाढले की ही पट्टी आत उतरते, आणि तेवढी झीज व्हायला साधारण तीन-चार हजार किलोमीटर लागतात. मी सायकल ओळखली. ती आमच्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरची होती, ज्याने आदल्याच रविवारी मिसळीवर लिंबू पिळत मला सांगितले होते, “काका, खरंच सांगतो, यंदा सायकल पाच वेळासुद्धा बाहेर काढलेली नाही.”

माणूस खोटे बोलेल, पण चेन बोलणार नाही. मी मामांना दुसरा चहा पाजला आणि तासाभरात सगळ्या ग्रूपचे खातेउतारे मिळवले. दंतवैद्यांची चेन अर्ध्यावर आली होती. चार्टर्ड अकाउंटंटची अगदी कोरी, कारण 31 डिसेंबरपर्यंत लोकांची विवरणपत्रे भरता भरता त्यांना स्वतःची मांडीही दिसली नव्हती. एका उत्साही प्राध्यापकांनी मागच्या चक्रांचा संच बदलून चढ हलका करणारा 34 दातांचा घेतला होता, म्हणजे त्यांनी पसरणीपुढे आधीच हात टेकले होते. जामीनदाराचा सातबारा आपसूक हातात पडावा, तसा मला आनंद झाला.

यादी मी त्या आनंदातच लिहिली. पहिला दावेदार इंजिनिअर, आणि दुसरा कोणी जवळपाससुद्धा नाही, असे वाक्य टाकून पुढे चेनचा पुरावा तपशीलवार दिला. दंतवैद्यांना दुसरे ठेवताना एक इशारा जोडला. 1933 चा तो पहिला घाटाचा राजा व्हिसेंते त्रुएबा अंगाने इतका लहान होता की त्याला पिसू म्हणत. तो चढावर सर्वांच्या पुढे जाई आणि उतारावर भिऊन सगळे गमावून बसे. आमच्या डॉक्टरांचेही खंबाटकीच्या उतारावर तेच होते. वाचन संपल्यावर इंजिनिअरने मिसळ अर्धी टाकली. “काका, अहो, ती चेन...” एवढेच तो म्हणाला. सभेत गलका झाला आणि त्याचे पुढचे वाक्य कोणीच ऐकून घेतले नाही. पुरावा सापडल्यावर आरोपीचे म्हणणे ऐकायचे नसते, अशीच तेव्हा माझीही समजूत होती.

शर्यतीच्या दिवशी मी केळी आणि पाण्याचे जार घेऊन मागच्या टेम्पोत होतो. वर्षभर एवढी सायकल चालवूनही त्या एका दिवशी मी सेवाधर्म पत्करतो, हे ग्रूपमध्ये सर्वांना माहीत आहे. खंबाटकीपर्यंत सगळे नेहमीसारखे झाले. दंतवैद्य पहिले चढले आणि उतारावर दोन्ही ब्रेक आवळून, वरातीतल्या नवरदेवासारखे सावकाश खाली आले. सुरूर फाट्यानंतर मात्र मला एक विचित्र दृश्य दिसू लागले. इंजिनिअर पुढे आणि त्याच्या मागे पंधरा-सोळा जणांची मुंग्यांसारखी रांग. सपाट रस्त्यावर दुसऱ्याच्या आड राहून चालवले की पाव ते तृतीयांश कष्ट वाचतात, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण इथे कष्ट वाचवण्यापेक्षा नजर ठेवण्याचा हेतू दिसत होता. त्याने वेग कमी केला की रांग कमी करायची. तो बाजूला होऊन पुढच्याला जागा देऊ लागला की पुढचा “आधी तुम्ही” म्हणायचा. त्याने बाटली काढली तेव्हा सोळा बाटल्या निघाल्या.

ज्या गावात बसून मराठी विश्वकोशाचे खंड सिद्ध झाले, त्या वाईतून ही मिरवणूक ताशी 17 किलोमीटर वेगाने पार पडली. ढोल्या गणपतीला पाया पडण्याइतका अवकाश प्रत्येकाला मिळाला आणि दोघांनी तो साधलाही. पसरणीच्या पहिल्या वळणांवर इंजिनिअरचा चेहरा मी टेम्पोतून जवळून पाहिला. तो वांग्यासारखा झाला होता. “फसवतोय,” त्याच्या मागचा एकजण मला केळे घेता घेता म्हणाला, “बुवासाहेबांच्या मंदिरानंतर सुटेल बघा.” बुवासाहेबांचे मंदिर आले आणि इंजिनिअर खरोखरच सायकलवरून सुटला. त्याने ती कठड्याला टेकवली आणि तो खाली बसला. मागचे पंधराजण क्षणभर थांबले. हाही डावच असावा, या शंकेने दोघे तर त्याच्या शेजारी बसले.

कठड्यापलीकडे धोमचे पाणी चमकत होते. इंजिनिअरने माझ्या हातून ग्लास घेतला आणि अखेर आपले वाक्य पूर्ण केले. सप्टेंबरपासून त्याचा मुलगा ती सायकल घेऊन कॉलेजला जात होता. आधी कॉलेज, मग क्लास, मग आणखी कुठेतरी, ज्याबद्दल घरात अजून चौकशी चालू होती. रोजचे चाळीसएक किलोमीटर, तेही पुण्याच्या धुळीत आणि चेन एकदाही न पुसता. “मी खरंच पाच वेळाही काढली नाही हो, काका,” तो म्हणाला. कर्ज एकाचे आणि वापर दुसऱ्याचा, हा प्रकार मी नोकरीत शंभरदा पाहिला होता आणि शंभरदा शेरा मारून परतही पाठवला होता.

तेवढ्यात वरून फोन आला, की शर्यत संपून वीस मिनिटे झाली असून शाल कुठे ठेवली आहे. ग्रूपमध्ये वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई आहेत. सुरूरपासून त्या कोणाच्या मागे नव्हत्या, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे एवढे हळू चालवले की त्यांची पाठ धरते. त्या एकट्याच पुढे निघाल्या, आणि त्यांचे नाव यादीत नसल्यामुळे त्यांच्यामागे जाण्याची गरज कोणालाच भासली नाही. त्यांचे नाव यादीत का नव्हते, याचा शोध मी शाल शोधता शोधता घेतला. बाई आपली सायकल घरी, बाल्कनीत, स्वतः दुरुस्त करतात. आमच्या शाखेत त्यांचे खातेच नव्हते.

त्या संध्याकाळी मला तीन जणांचे निरोप आले. पुढच्या वर्षी यादीत आपले नाव अजिबात नको, पण अमक्याचे अवश्य असावे, आणि शक्य झाल्यास ठळक असावे, असा तिन्हींचा आशय होता. दंतवैद्यांनी तर दातांची मोफत सफाई देऊ केली. बाईंनी मात्र स्ट्रॉबेरीचा अर्धा डबा घरी पाठवला आणि चिठ्ठीत लिहिले, की आपली कृपादृष्टी अशीच दुसरीकडे राहू द्यावी.

चार दिवसांनी हिशेब चुकता करायला मी मामांच्या दुकानात गेलो आणि आलोच आहोत तर माझ्याही सायकलचे सर्व्हिसिंग करून टाका म्हणालो. दुकानात त्या वेळी ग्रूपमधले चौघे बसलेले होते. मामांनी सवयीने खिळ्यावरची पट्टी काढली आणि माझ्या चेनवर ठेवली. टोक आत गेले नाही. त्यांनी चेन पुढे फिरवून दुसऱ्या ठिकाणी घालून पाहिले, मग तिसऱ्या. शेवटी पट्टी पुसून त्यांनी ती पुन्हा खिळ्याला अडकवली.

“काय घाई नाही साहेब,” मामा म्हणाले, “ही तुमच्या नातवालाही पुरेल.”