बायको आहे? मग आई नाही!

कॅनडात ३० एप्रिल, म्हणजे टॅक्स रिटर्न भरायची शेवटची तारीख, जवळ आली की ब्रॅम्प्टनच्या प्लाझांमधल्या टॅक्सवाल्यांकडे बसायला खुर्ची मिळत नाही. आम्हाला मिळाल्या, पण बाजूच्या खुर्चीवर एक काका होते.

"मिसेस चांगलं कमावतात, म्हणजे स्पाउझल अमाउंट, जोडीदाराबद्दलची करसवलत, शून्य," टॅक्सवाले भाई म्हणाले.

"आणि आई?" मी विचारलं. "तिला एक छदाम उत्पन्न नाही. राहते, जेवते आमच्याकडेच."

"मिसेस आहेत ना? मग आई धरता येत नाही."

म्हणजे जोडीदार नसलेल्याच्या घरातली आई 'एलिजिबल डिपेंडंट', करसवलतीला पात्र अवलंबित, होऊ शकते. २०२४ साठी १५,७०५ डॉलर, त्याचे १५ टक्के धरले तर २,३५५ डॉलरनी कर कमी. संसारी माणसाची आई बहुधा हवेवर जगते.

"अहो, मग सेपरेशन दाखवा की!" काका खुर्चीसकट सरकले. "नव्वद दिवस वेगळं राहायचा तर प्रश्न. तुम्ही आईंना घेऊन वर, या बेसमेंटमध्ये. वहिनी, वाईट वाटून घेऊ नका हं, कागदोपत्रीच."

"काका, तो फ्रॉड आहे," भाई.

"फ्रॉड कसला? आमच्याकडे चाळीस वर्षं चालूये, कागदावर दाखवत नाही एवढंच!"

बायको भिंतीवरचं कॅलेंडर फार लक्षपूर्वक वाचू लागली. भाईंनी शेवटचा उपाय काढला, केअरगिव्हर क्रेडिट, म्हणजे दुर्बल माणसाला सांभाळणाऱ्याची करसवलत. "आई शरीराने किंवा मनाने दुर्बल आहेत का? डॉक्टरचं पत्र लागू शकतं."

"दुर्बल कोण?" इतका वेळ पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली आई कडाडली. "काल वीस पौंडांची कणकेची पिशवी गाडीतून घरात मी आणली. हा फोनवर बोलत उभा होता."

"आजी, जरा लंगडून दाखवा ना," काका हळूच म्हणाले.

"आजी? तुम्ही माझ्यापेक्षा मोठे दिसता!"

मला खरा राग काकांचा नाही. आईला इथे कायमचं बोलावताना याच सरकारने माझ्याकडून २० वर्षांचं हमीपत्र लिहून घेतलं. ह्याला आई परवडते का, हे बघायला मागच्या तीन वर्षांचे टॅक्सचे कागद मागितले. तेव्हा ती सोळा आणे माझ्यावर अवलंबून. टॅक्सच्या वेळी मात्र तीच आई स्वतंत्र करदाती; तिचं रिटर्न वेगळं आणि भाईंची फीही वेगळी. शून्य उत्पन्न लिहायची फी! वर उत्पन्न नाही म्हणून दर तीन महिन्यांनी जीएसटी क्रेडिट हे सरकारी अनुदान थेट तिच्या खात्यात. "तुला नाही ना आलं?" हे ती दर वेळी विचारते.

घरी येताना गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आई मागून म्हणाली, "काय रे, ते दोन हजार तीनशे एकदाच मिळतात, की दरवर्षी?"

"दरवर्षी," उत्तर बायकोने दिलं.