ऑफिसचा पीसी घरून चालू होत नाही : एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं असं, की ऑफिसचा पीसी घरून चालू करून देतो म्हणून आम्ही पैसे घेतले. आमच्या दुकानातला मुलगा समोर होता तोवर सगळं चाललं आणि रात्री घरून पाहिलं तर पीसी ढिम्म. तुमच्या पुतण्याने सांगितलेलं राउटरचं पोर्ट (बाहेरून आत यायचं नंबरवार दार) उघडायला आम्ही नकार दिला आणि वर आणखी एक उपकरण घ्यायला सांगितलं, म्हणजे ही फसवणूक आहे. 20 तारखेचं जीएसटीचं 3बी रिटर्न डोक्यावर असताना घरून टॅली उघडत नसेल तर राग येणारच, तो मला समजतो. पण 'फसवणूक' हा शब्द मला मान्य नाही, आणि का नाही ते इथेच सविस्तर लिहितो. हीच अडचण असलेले आणखी लोक हे वाचतील, त्यांनाही उपयोग होईल.

तुमच्या रिव्ह्यूतलं सगळ्यात कामाचं वाक्य हे आहे: 'पीसी बंद करून लगेच मोबाइल डेटावरून केलं तेव्हा चालू झाला, रात्री झाला नाही.' अडचण कुठे आहे ते या एका वाक्यावरून कळतं.

पीसी बंद असला तरी त्याचं लॅन कार्ड थोड्याशा विजेवर जागं असतं आणि एका ठरावीक संदेशाची वाट पाहतं. त्याला मॅजिक पॅकेट म्हणतात. एएमडी आणि एचपी यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यात हे तंत्र आणलं. रचना अगदी साधी आहे: आधी एफएफ हे ठरावीक मूल्य असलेले सहा बाइट, मग त्या कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख क्रमांक) सोळा वेळा, एकूण 102 बाइट. कार्डाने स्वतःचा पत्ता ओळखला की ते बोर्डाला चालू व्हायला सांगतं. ऑफिसातल्या ऑफिसात हे बिनचूक चालतं, आणि आमच्या मुलाने ऑफिसच्या वायफायवरून तुम्हाला तेच दाखवलं.

घरून पाठवलेलं पॅकेट मात्र आधी ऑफिसच्या राउटरवर येतं. पुतण्याने 9 नंबरचं पोर्ट पीसीच्या आयपीकडे, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याकडे, वळवलेलं होतं, त्यामुळे राउटरने ते पुढे द्यायला हवं. पण हा आयपी कोणत्या मॅक पत्त्याचा, हे राउटरला माहीत असावं लागतं. ते तो हजेरी घेतल्यासारखं विचारून घेतो, आणि बंद पीसी 'हजर' म्हणत नाही. बंद केल्यानंतर काही मिनिटं जुनी नोंद राउटरच्या लक्षात असते, म्हणून तेव्हा तुमचा पीसी चालू झाला. नोंद पुसली गेली की पॅकेट राउटरपाशीच संपतं. पीसीपर्यंत काही पोहोचतच नाही, मग पीसीत कितीही सेटिंग बदला. सगळ्या नेटवर्कला एकदम ओरडून सांगायचा मार्ग आहे, पण बाहेरून आलेला असा संदेश आत पसरू देऊ नये, हा राउटरचा मूळ नियम 1999 मध्येच ठरला, कारण त्याचा वापर करून हल्ले होत होते. म्हणून बहुतेक राउटर ते करत नाहीत.

काहींच्या बाबतीत तर पॅकेट राउटरपर्यंतही येत नाही. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा आयपी 100.64 ते 100.127 यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटते आहे. तिथे पोर्ट वळवून काहीच होत नाही.

आता पोर्टबद्दल. 9 नंबरला आमची हरकत नव्हती. नकार दिला तो 3389 ला, म्हणजे रिमोट डेस्कटॉप (दुरून पीसीचा पडदा उघडून काम करायची विंडोजची सोय) थेट इंटरनेटवर उघडं ठेवायला, आणि तो मी पुढेही देईन. 2019 च्या मे महिन्यात याच सेवेत ब्लूकीप नावाचं भगदाड सापडलं. ते इतकं गंभीर होतं की मायक्रोसॉफ्टने केव्हाच निवृत्त केलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती दिली. ते बुजलं तरी उघड्या 3389 वर पासवर्ड ठोकत बसणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात. तुमच्या त्या पीसीत लोकांचे पॅन, बँक तपशील, हिशेब आहेत. रॅन्समवेअरने ती फोल्डरं कुलूपबंद केली तर एक रिटर्न चुकण्यापेक्षा कितीतरी मोठं नुकसान होईल. ग्राहक नाराज झाला तरी चालेल, पण हे दार आम्ही उघडणार नाही.

राहिलं ते उपकरण. ऑफिसात कायम चालू असलेलं काहीतरी हवं, म्हणजे घरून वायरगार्ड किंवा टेलस्केल या खासगी, सुरक्षित जोडणीच्या प्रोग्रामने त्याच्यापर्यंत यायचं आणि मॅजिक पॅकेट त्याने आतूनच सोडायचं. टेलस्केल वर सांगितलेल्या वाटून दिलेल्या पत्त्यावरही चालतं, आणि रिमोट डेस्कटॉपही त्याच सुरक्षित वाटेने उघडतं. आम्ही रास्पबेरी पाय हा छोटासा संगणक सुचवला, कारण तो साधारण पाच वॅटच्या आत चालतो, म्हणजे महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. पण तो आमच्याकडूनच घ्या असा आग्रह नाही. तुमच्याकडे जुना लॅपटॉप पडून असेल तर तो वापरू. काही राउटरांत ही सोय आधीच असते, तुमच्या राउटरचं ते पान मात्र कंपनीने बंद ठेवलेलं आहे. बाहेरून पीसी चालू करायला कायम चालू उपकरण लागेल, हे त्या दिवशीच्या बिलावर लिहून दिलं आहे. कृपया एकदा पाहा.

फोनवर 'लाइट गेली होती का' असं विचारलं, त्याचाही तुम्हाला राग आला. तो टाळण्यासाठी विचारलेला प्रश्न नव्हता. जाताना कोणी भिंतीवरचं बटण बंद केलं तर एसएमपीएसमधून (पीसीला वीज देणाऱ्या डब्यातून) येणारी पाच व्होल्टची स्टँडबाय वीज जाते आणि लॅन कार्ड मरतं. काही बोर्डांत तर वीज परत आल्यावरही पीसी एकदा हाताने चालू केल्याशिवाय कार्ड पुन्हा तयार होत नाही. बोर्डावरचा सेल संपलेला असेल तर वीज गेल्यावर बायोसची (बोर्डावरच्या मूळ प्रोग्रामची) सेटिंगंही पुसली जातात. म्हणूनच आमच्या मुलाने सेल बदलला, बायोसमध्ये ईआरपी (बंद पीसीची वीज वाचवणारी सेटिंग) बंद केलं आणि वीज आल्यावर पीसी आपोआप चालू व्हावा असं ठेवलं.

तपासायची खूण सोपी आहे. पीसी बंद करा आणि मागे जिथे लॅन वायर लागते तिथला दिवा पाहा. दिवा पूर्ण विझला असेल तर बहुतेक वेळा कार्डाला वीज मिळत नाही. मग बटण, ईआरपी किंवा विंडोजचं फास्ट स्टार्टअप यांत शोधायचं. विंडोज 8 पासून फास्ट स्टार्टअपमुळे नेहमीचं शटडाउन हे अर्धं हायबरनेट असतं आणि त्यात विंडोज लॅन कार्डला जागं ठेवत नाही. तुमच्याकडे फास्ट स्टार्टअप बंद केलेलं आहे, पण मोठ्या अपडेटनंतर ते परत चालू होऊ शकतं आणि लॅनचा ड्रायव्हरही बदलू शकतो. शटडाउनऐवजी स्लीपमध्ये ठेवलंत तर हा प्रश्न बराच कमी होतो.

आणि ज्यात एक रुपयाही लागत नाही असा उपाय: तुम्ही रोज रात्री ठरलेल्या वेळीच बसत असाल, तर बायोसमधल्या अलार्मने पीसी त्या वेळी स्वतः चालू होईल. नेटवर्क, राउटर, पोर्ट कशाचाच संबंध नाही. फक्त भिंतीवरचं बटण चालू राहिलं पाहिजे, त्यावर पट्टी चिकटवून ठेवा.

व्हिजिटचे पैसे मी परत करणार नाही, कारण सेल, बायोस आणि विंडोजचं काम झालेलं आहे आणि ते टिकून आहे. पुढच्या व्हिजिटचे पैसे मात्र घेणार नाही. 20 तारखेच्या आत एका संध्याकाळी मी स्वतः येतो. आधी अलार्म लावू, म्हणजे या महिन्याचं 3बी अडणार नाही. मग जुना लॅपटॉप असेल तर त्यावर टेलस्केल बसवू आणि तुमच्या मोबाइल डेटावरून, पीसी बंद करून तासभर गेल्यावर, तुमच्यासमोर चालवून दाखवतो. पुतण्यालाही बोलवा, त्याने शोधलेली अर्धी वाट बरोबर होती. वेळ सोयीची असेल ती दुकानाच्या नंबरवर कळवा.